देणगीची पोच

"ही सही तुमचीच ना?" बिल्डरच्या वकिलानं भर कोर्टात कागद माझ्या नाकासमोर धरला.

माझीच होती. मागच्या वर्षी आमच्या फुटबॉल क्लबची तिजोरी रिकामी होती, तेव्हा ह्याच बिल्डरनं स्पर्धेला देणगी दिली. वर स्टेजवर क्लबचा अध्यक्ष म्हणून माझा सत्कार केला. डोक्यावर फेटा, अंगावर शाल, हातात नारळ, समोर टाळ्या वाजवणारी अख्खी पेठ. तेवढ्यात त्यानं कागद पुढं केला. "आण्णा, देणगीची पोच हाय. एक सही करा." चारचौघांत चष्मा लावून वाचत बसणं बरं दिसेना. नारळ काखेत धरला आणि सही ठोकली.

आता वकील तोच कागद मोठ्यानं वाचत होता. मैदान बिल्डरच्या मालकीचं, क्लब त्याच्या परवानगीनं खेळतो! आमच्या बापजाद्यांनी दगड वेचून केलेलं मैदान मी एका नारळापायी घालवलं.

कोर्टाबाहेर तो हरामखोर हसत आला आणि पाया पडायला वाकला. "आण्णा, राग धरू नका. बिल्डिंगला तुमचंच नाव देतो."

त्याचं डोकं माझ्या बुटापाशी आलं. वीस वर्षं क्लबच्या पेनल्ट्या मीच मारल्यात.