झाकणावरची टकटक

निपाणीच्या त्रिशलाआक्का परसातल्या पिंपात घरच्या ओल्या कचऱ्याचं खत करत. जैनाचं घर, किड्यामुंगीलाही इजा व्हायला नको. म्हणून खत हलवण्याआधी त्या झाकणावर उलथनं वाजवत, टक टक, आणि मायेनं म्हणत, "बाजूला व्हा रं, लेकरांनो."

त्या खतावर यंदा गुलाब असा फुलला, की अख्खी गल्ली बघायला आली. आक्कांचा आनंद गगनात मावेना.

आज त्या गुणगुणत पिंपापाशी गेल्या. उलथनं उचलायच्या आधीच टक टक झालं.

"अहो, तुम्ही वाजवलं?"

"न्हाय गं," चहा पिता पिता यजमान हसले. "वरनं आलं."

वर लख्ख निळं आभाळ होतं. तिथनंच, तितक्याच मायेनं, कुणीतरी म्हणालं, "बाजूला व्हा रं, लेकरांनो."