ठिणगीचा शेवट

क्रेनवाल्याने पुस्तक डोळ्यांसमोर धरलं होतं खरं, पण बराच वेळ झाला, त्यातलं एक अक्षरही तो वाचत नव्हता. सगळं मनानेच ठोकून देत होता.

"मग ठिणगीने डोळे मिटले," तो म्हणाला, "आणि शहराभोवतीची ती अख्खी भिंत मुळासकट उपटली गेली. गेली वर."

"वर म्हणजे कुठे?" लेकीने विचारलं.

"वर म्हणजे... वर. दिसेनाशी झाली."

लेक समोर व्हीलचेअरमध्ये बसली होती. अपघातापासून तिचे हात जिथे ठेवावेत तिथेच राहायचे. मानेवरचं सगळं मात्र शाबूत होतं, जीभ तर जरा जास्तच. ठिणगीच्या गोष्टी मोबाइलवर ऐकायची सोय होती, पण तिला बापानेच वाचायला हवं असे, कारण हुकूमशहा बोलायला लागला की बाप सर्दी झालेल्या रेड्यासारखा आवाज काढायचा. ठिणगी हात न लावता, नुसत्या मनाने वस्तू हलवते आणि अशा पोरांना कोंडून ठेवणाऱ्या हुकूमशहाच्या नाकी नऊ आणते. "असलं काय वाचायचं," म्हणून बापाने पहिल्या भागाला नाक मुरडलं होतं. आता हा शेवटचा भाग, आणि सकाळी लेक झोपलेली असताना त्याला राहवलं नाही. त्याने शेवट चोरून वाचला आणि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

भिंत पडते, हुकूमशहा पळतो, ते सगळं ठीक. पण त्या धुमश्चक्रीत ठिणगीचे दोन्ही हात भाजतात आणि मनातली ती शक्तीही कायमची जाते. लिहिणारीला काही काळीज आहे की नाही, असं त्याला वाटलं. हा शेवट या घरात येणार नाही, हे त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. तशी पुष्कळ गोष्टींना त्याने घरबंदी केली होती. खाली मैदानात लेकीच्या मैत्रिणी बास्केटबॉल खेळायच्या, म्हणून दुपार झाली की तो खिडकी न चुकता लावून घ्यायचा.

"मग ठिणगी ढगांवरून उडत घरी आली. सगळ्यांनी तिला खांद्यावर घेतलं. संपलं," तो म्हणाला आणि पुस्तक मिटायला लागला.

"बाबा, पान उलट."

"काय?"

"भिंत उडाली, विमान पाडलं, तुरुंग फुटला, मिरवणूकही काढलीस. एवढं सगळं एका पानावर मावलं?"

त्याने खाली पाहिलं. पान तेच होतं. जिला स्वतःला पान उलटता येत नाही तिचं सगळं लक्ष पानाकडेच असणार, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मरते का ती?"

"नाही गं. मरत नाही."

"मग वाच की."

"तुला त्रास होईल, बाळा."

लेक म्हणाली, "क्रेनवर असतोस तेव्हा खालून खूण आल्याशिवाय माल उचलतोस?"

हा नियम त्यानेच घरात उठताबसता सांगितलेला होता. क्रेनची केबिन इतकी उंच, की आकड्याला काय लावलंय ते वरून धड दिसतही नाही. खालचा माणूस हाताने खूण करील तेवढंच हलवायचं. खूण नसेल तर खुद्द साहेब येऊन बोंबलला तरी आकडा जागचा हलता कामा नये.

"नाही उचलत," तो म्हणाला.

"मग घरीच का उचलतोस? मी कधी खूण केली होती?"

तहान लागायच्या आधी पाणी तिच्या ओठांशी, थंडी वाजायच्या आधी अंगावर पांघरूण, असंच तर चाललं होतं. आणि तीही हल्ली काही मागत नव्हती. दिलेलं घ्यायची, गप्प बसायची. पोर किती समजूतदार आहे म्हणून तो सगळ्यांना कौतुकाने सांगायचा. आता त्याला त्याची लाज वाटली.

त्याने पान उलटलं आणि लिहिलं होतं तसं वाचलं. रेड्याचा आवाज काढला नाही. ठिणगी पडलेल्या भिंतीच्या दगडांवर बसली होती. समोर पाण्याची बाटली होती. सवयीने तिने बाटलीकडे टक लावून पाहिलं. बाटली हलली नाही. तिने पुन्हा पाहिलं. मग शेजारी बसलेल्या, कालपर्यंत वैरी असलेल्या मुलीला ती म्हणाली, "जरा पाणी पाजतेस?"

पुस्तक तिथेच संपत होतं.

"भिकार शेवट आहे," लेकीकडे न बघता तो म्हणाला. "कशाला लिहितात असलं."

लेकीने ओठांवरून जीभ फिरवली. त्याचा हात लगेच टेबलावरच्या ग्लासाकडे गेला, आणि अर्ध्यावर थांबला. त्याने हात मागे घेतला, गुडघ्यावर ठेवला आणि खालच्या माणसाकडे बघावं तसा तिच्या तोंडाकडे बघत बसला. बसून राहणं त्याला फार जड गेलं.

"पाणी नको," बऱ्याच वेळाने लेक म्हणाली. "ती खिडकी उघड."

तो उठला. कडी घट्ट बसली होती, जोर लावावा लागला. खिडकी उघडली तसा खालून बॉल आपटल्याचा आवाज आला आणि कोणीतरी कळवळून ओरडलं, "अगं, इकडे दे ना!"

"नाही देणार ती. कधीच पास देत नाही," लेक म्हणाली. "मला जरा जवळ ने."