अपूर्ण किल्ली

“काढा त्यांना गटातून,” पथकप्रमुख म्हणाले. “तिघांनाही.”

ती बोगद्याच्या तोंडाशी एका पालथ्या खोक्यावर बसली होती. हातातल्या बिनतारी सेटच्या स्क्रीनवर दोनच शब्द होते: किल्ली अपूर्ण. बोगद्यात दुसऱ्यांदा माती कोसळली होती. पहिल्या वेळी अडकलेल्या मजुरांना आणायला गेलेले तीन जवानही आता ढिगाऱ्यापलीकडे होते. त्या तिघांत तिचा धाकटा भाऊ होता.

सेट तिनेच बनवले होते. जमिनीखाली टॉवर नसतो आणि तारा तुटतात. म्हणून एकाचा निरोप दुसऱ्याच्या सेटने उचलायचा, दुसऱ्याचा तिसऱ्याने, असं ते हातोहात चालायचं. बोलणं कुलूपबंद असायचं. कारण एकदा बाहेरच्या कुणीतरी ते चोरून ऐकलं, सगळे गेल्याची आवई उठवली आणि नातेवाइकांचा लोंढा थेट बोगद्यात घुसला होता. या कुलपाची किल्ली कुणा एकाच्या खिशात नसे. प्रत्येक सेट आपला वाटा देई. सगळे वाटे जुळले की किल्ली होई. गटात कुणी आलं किंवा गेलं की पुन्हा नवी.

मदतीला आलेल्या दुसऱ्या तुकडीला गटात घेताना नवी किल्ली जुळत होती, आणि नेमकी तेव्हाच माती आली. तिघांचे वाटे पलीकडे राहिले. जुनी किल्ली गेली, नवी झाली नाही. सगळेच मुके.

“वरून खणणाऱ्यांना खाली काय हलतंय ते कळत नाहीये,” प्रमुख म्हणाले. “एक घाव चुकला तर उरलंसुरलं छत आपल्याच माणसांवर येईल. मॅडम, गप्प झाला त्याला वगळा आणि पुढे चला, हे सांगून सांगून तुम्हीच आमचे कान किटवलेत. बटण माझ्याही सेटवर आहे. गटातल्या प्रत्येकाच्या सेटवर आहे. पण ते तुम्ही दाबावं असं मला वाटतं.”

“नियम मला पाठ आहे, साहेब.”

नियमाची दुसरी बाजूही तिला पाठ होती. वगळलेल्या सेटची हाक गटाला उघडता येत नाही. परत यायचं तर समोरासमोर, सेटला सेट टेकवून. हरवलेला सेट भलत्याच्या हाती लागला तर घात नको, म्हणून ही अटही तिनेच घातली होती. म्हणजे भाऊ सरपटत ढिगाऱ्यापाशी आला, क्षणभर टप्प्यात आला आणि त्याने जीव तोडून हाक मारली, तरी इथे ती कुणालाच ऐकू येणार नव्हती.

प्रमुखांनाही हे माहीत होतं. म्हणूनच ते ओरडत नव्हते.

तिने पहिलं नाव काढलं. मग दुसरं. तिसऱ्यावर बोट अडलं.

“जरा थांबू या ना, साहेब,” नव्या तुकडीतला एक जण हळूच म्हणाला. “भाऊ आहे त्यांचा.”

“म्हणूनच थांबायचं नाही,” ती म्हणाली आणि बटण दाबलं.

किल्ली लगेच जुळली. सगळे सेट एकदम बोलू लागले. ढिगाऱ्याच्या अलीकडे असलेल्या तुकडीतून कुणीतरी ‘थांबा’ म्हणालं, वरचं खणणं थांबलं, डाव्या भिंतीला टेकू लागले, मग दुसऱ्या जागेवरून काम सुरू झालं. ती निरोप पुढे देत राहिली. आवाजात कंप नव्हता. सेट मात्र तिने दोन्ही हातांनी धरला होता.

मग हवेसाठी खणलेल्या विहिरीवरच्या पहारेकऱ्याचा आवाज आला. “अहो, इथे शिडीवरून माणसं येताहेत!”

ती पळत गेली. चिखलाने माखलेले मजूर एकेक करून वर येत होते. त्यांच्यामागे दोन जवान आले. सर्वांत शेवटी भाऊ आला. काठावर बसून तो घटाघटा पाणी प्यायला. तिने त्याला मिठी मारली नाही. त्याच्या समोर उकिडवी बसली.

“मी तुला काढलं,” ती म्हणाली. “गटातून. मीच.”

त्याने बाही स्क्रीनवर घासली आणि सेट तिच्यापुढे धरला. गटात तीन नावं होती. खाली लिहिलं होतं: किल्ली पूर्ण.

“धुळीत आम्ही तीन फाट्यांना तीन जण पांगलो होतो. एकमेकांशी बोलता येत नव्हतं. मग तुम्हा सगळ्यांना वगळलं, तेव्हा कुठे ही विहीर सापडली,” तो म्हणाला, आणि चिखलातून त्याचे दात दिसले. “तायडे, सगळ्यात आधी तुला काढलं.”