मंडळाची मदत

"हटवला गं कंपनीनं तुझा तो फोटो! कायद्यानं हटवावाच लागतो," सिंधूमावशी अशा गरजल्या की शेजारचा कुकर शिट्टी द्यायची विसरला.

ठरलेलं लग्न मोडल्याच्या रागात नवऱ्या मुलानं भाचीचा खाजगी फोटो इंटरनेटवर टाकला होता. तेव्हापासून खाली असलेली तिची मान आज वर आली.

"इतक्या लवकर?"

"एकटीची तक्रार कोण ऐकतं? आमचं अख्खं भजनी मंडळ तुटून पडलं! साहेबाची खुर्ची हलली असेल."

"पण मंडळाला कसं कळलं, कुठला फोटो ते?"

"ग्रुपवर टाकला ना मी."

तेवढ्यात फोन वाजला. मावशींनी हौसेनं स्पीकर लावला. सांगलीच्या मंडळाच्या अध्यक्षा आपुलकीनं म्हणाल्या, "तुमच्या भाचीचा फोटो आम्हालाही पोचला हो. तक्रार कुठं करायची?"