अंगवळणी

मुलाला उचललं, शिंक आली किंवा नुसतं हसू फुटलं, तरी तिला लघवी आवरायची नाही. बाळंतपणाला सहा महिने होऊन गेले, तेव्हा ती लाज गिळून प्रसूतीच्या वॉर्डातल्या सिस्टरांकडे आली.

सिस्टर ड्युटी संपवून निघण्याच्या बेतात होत्या. सगळ्यांना सांगायच्या तेच त्यांनी हिलाही सांगितलं. "अगं, बाळ बाहेर येताना खालचे स्नायू ताणतात, फाटतात. आपल्या बायकांचं असंच असतं. पडतं हळूहळू अंगवळणी."

"तुमच्या अंगवळणी किती दिवसांत पडलं?"

पोरीने अगदी साधेपणाने विचारलं, तेवढे दिवस कसेबसे काढायची तयारी ठेवून.

सिस्टरांचा मुलगा आता कॉलेजात होता. इतक्या वर्षांत पोटभर पाणी पिऊन त्या एकाही लग्नाला गेल्या नव्हत्या.

"नाही पडलं गं," म्हणत त्या स्टुलावर बसल्या.

मग त्यांनी हे स्नायू पुन्हा बळकट करायचे व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमना फोन लावला.

"मॅडम, उद्या एक पेशंट पाठवते." त्यांनी पोरीकडे पाहिलं. "एक नाही, दोघी. दुसरी मीच."