जावयाचं चार्जिंग

जावयाने विजेच्या गाडीची वायर पोर्चमधल्या प्लगात खोचली, तेव्हा सासरेबुवा चष्मा लावून मीटरसमोर उभेच होते. तीस वर्षं त्यांनी घरोघर फिरून लोकांचे मीटर वाचले होते. निवृत्तीनंतर वाचायला एकच उरला होता, स्वतःचा. महिन्याला शंभर युनिटांच्या वर गेलं की दर चढतो, आणि ही गाडी येईपर्यंत त्यांच्या घराने कधी शंभरी गाठली नव्हती. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, असा त्यांचा लौकिक.

“दर रविवारी बारा युनिटं!” ते बायकोला ऐकू जाईल इतपत पुटपुटले. “पेट्रोल मागायला लाज वाटली असती. वीज काय, दिसत नाही ना!”

“हळू बोला. त्यांच्या इमारतीत प्लग नाही, आणि रस्त्यावरचं चार्जिंग दुप्पट महाग. आधी पोर वर्षातून दोनदा यायची, आता दर रविवारी येते.”

“पोर येते की गाडी येते?”

जेवणं झाली. जावई आडवा झाला, मायलेकी गप्पांना बसल्या. चार वाजता जावई गाडी बघायला गेला आणि डोकं खाजवत परत आला.

“बाबा, मागच्या रविवारसारखंच झालं. तीन तासांत बॅटरी दहा टक्केसुद्धा वाढली नाही. एवढ्यावर घर नाही गाठता येणार.”

“नव्या वस्तूंचं असंच असतं,” सासरेबुवा म्हणाले. “थांबा आणखी. घाई काय आहे?”

“म्हणजे आजही रात्रीचं जेवूनच निघायचं,” लेक म्हणाली आणि तिने पाय पुन्हा वर घेतले.

बायकोच्या मनात पाल चुकचुकली. वीज जळत असताना नवरा ‘घाई काय आहे’ म्हणतो, हे तिने जन्मात पहिल्यांदा ऐकलं होतं. थोड्या वेळाने तो पाय न वाजवता पोर्चकडे सटकला, तशी तीही मागोमाग गेली. चोर मुद्देमालासकट सापडला. बोट प्लगाच्या बटणावर, आणि बटण बंद.

“अहो, शोभतं का हे? बारा युनिटांसाठी जावयाशी कपट?”

सासरेबुवांनी बटणावरून बोट काढलं.

“युनिटांसाठी नाही गं,” ते म्हणाले. “गाडी भरली की निघून जातात ती.”

आत लेक कशावरून तरी खळखळून हसत होती. सासरेबुवांनी ओशाळून बटण चालू केलं. गाडीचा हिरवा दिवा लागला. ते आत जायला वळले.

मागे खट्‌ आवाज झाला. वळून बघतात तर दिवा विझलेला, आणि बायको हात झटकत दाराकडे येत होती.

“तासाभराने लावा,” ती म्हणाली. “अजून भाजी चिरायची आहे.”