आलं का?

छपरावर उभं राहून त्यांनी पान्याने टीव्हीची छत्री डावीकडे सरकवली. खाऱ्या वाऱ्याने गंजलेल्या कडेचा पोपडा हातात आला.

"आलं का गं?"

खालून बायको ओरडली, "आवाज आला! चित्र नाही."

त्यांनी अजून जरा सरकवली. "आता?"

"आता आवाजही गेला. मघाचंच बरं होतं."

वैतागून त्यांनी छत्री परत मागे आणली, नट आवळला. "आता?"

"आवाज आला हो, पण दिसतंय नुसतं धुकं."

"भंगारात घालायला हवी ही छत्री!" पुटपुटत ते शिडी उतरले आणि दारातच थबकले. पडद्यावर बातम्या सांगणाऱ्या मुलीच्या कानातले डूलसुद्धा स्वच्छ दिसत होते. बायको टीव्हीपासून हातभर अंतरावर, डोळे ताणून बसली होती.

"तुम्हालाही नाही ना दिसत?" तिने विचारलं.

त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "नाही. छत्रीच गंजलीय."

तिने सुटकेचा निःश्वास टाकला. "मग ठीक. मला मेलीला वाटलं, डोळ्याचं ऑपरेशन फुकट गेलं."

पाना हातातच होता. ते पुन्हा शिडी चढायला लागले.